विहीणबाईंच्या फोटोमागचा सेंट मायकेल

प्रश्न : माझं वय ६७. यजमान साखर कारखान्यात शेतकी खात्यात होते, त्यामुळे निम्मा जन्म उसाच्या गप्पांतच गेला. मुलगा कॅलिफोर्नियात असतो. सून तिथलीच, पोर्तुगीज वंशाची. तिचे खापरपणजोबा हवाई बेटांवर उसाच्या मळ्यात मजूर म्हणून आले, एवढंच तिला ठाऊक आहे. पाच वर्षांच्या नातीसाठी वंशवृक्ष करायला घेतलाय. आमच्या बाजूच्या नऊ पिढ्या त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत मिळाल्या. सुनेच्या बाजूला मात्र कागद कोरा. हाताशी आहे ते असं : विहीणबाईंचं माहेरचं आडनाव पेरी. त्यांचे पणजोबा मनुएल, पणजी मारिया दे जेझुस. ते 'रेव्हन्सक्रॅग' नावाच्या जहाजाने आले आणि येताना उकुलेले हे तारांचं वाद्य घेऊन आले, असं घरात सांगतात. विहीणबाईंकडे एक जुना फोटो आहे. त्याच्या मागे इंग्रजीत 'सेंट मायकेल' आणि 'हाकालाऊ' लिहिलंय, खाली पेन्सिलीने आणखी काहीतरी पुसट आहे. 'पेरी' तर इंग्रजी नाव वाटतं. शिवाय पोर्तुगीज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वसईचा किल्ला! राज्य करणारी माणसं ऊस तोडायला कशी गेली? विहीणबाईंनाच सगळं विचारावं, तर त्यांना वाटायचं की मुलीच्या सासरचे आमचं कूळ तपासायला निघाले. सुरुवात कुठून करू?
— एक आजी, सांगली

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात सगळ्यात कामाचं काय असेल तर ते फोटोच्या मागचे दोन शब्द. त्यांच्याकडे येतोच. पण आधी तो वसईचा किल्ला जरा बाजूला ठेवू, नाहीतर तो मध्ये मध्ये येत राहील.

राज्य करणारे पोर्तुगीज लिस्बनला बसत. हवाईला गेले ते बहुतेक माडेरा आणि अझोर्स या अटलांटिक महासागरातल्या बेटांवरचे : कुळं, शेतमजूर, सुतार, चांभार. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा किल्ल्यात जे सरदार होते, त्यांचा या लोकांशी संबंध जवळपास तेवढाच, जेवढा आपल्याकडच्या ऊसतोड मजुराचा पेशव्यांशी. माडेरात जमीन मालकाची, राबणारं कूळ आणि पिकातला निम्मा वाटा मालकाच्या घरी. सगळी मदार द्राक्षावर. तुमच्याकडे तासगावच्या बागायतदाराला विचारलंत तर तो भुरी म्हणजे काय ते कपाळाला हात लावून सांगेल. हीच भुरी १८५२ च्या सुमारास माडेराच्या वेलींवर आली आणि बागा बसल्या. त्यातून सावरतायत तोवर १८७२ मध्ये मुळं खाणारी फिलॉक्सेरा नावाची कीड आली. अझोर्समध्ये संत्र्याच्या बागांची तीच गत झाली. वर तरुण पोरांना सक्तीची लष्करभरती. निघून जाण्याला कारणं कमी नव्हती.

दुसऱ्या टोकाला हवाई. तेव्हा ते स्वतंत्र राज्य होतं, स्वतःचा राजा असलेलं. १८७५ च्या करारामुळे हवाईची साखर अमेरिकेत बिनजकात जाऊ लागली आणि मळेवाल्यांना माणसं कमी पडू लागली. विल्यम हिलेब्रँड नावाचे एक जर्मन डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वीस वर्षं हवाईत राहून पुढे माडेरात गेले होते. त्यांनी कळवलं की इथली माणसं न्या. उष्ण हवा, डोंगरउतार, बेटावरचं जगणं, सगळं यांच्या अंगवळणी आहे. उसाचंही नवल नाही, कारण पंधराव्या-सोळाव्या शतकात माडेरा स्वतःच उसाचं बेट होतं. अशा रीतीने ३० सप्टेंबर १८७८ ला 'प्रिसिला' हे जहाज शे-सव्वाशे माणसं घेऊन होनोलुलूला लागलं. पुढच्या दहा वर्षांत दहा हजारांहून जास्त आले.

यात तुमच्या कामाची एक बाब आहे. त्या काळात हवाईत आलेले चिनी मजूर बहुतांशी एकटे पुरुष होते. पोर्तुगीज आले ते बायकापोरांसकट. तुमच्याकडे टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात ना? इथे जोडीच्या मागे चार पोरं आणि कधी कधी म्हातारी सासूही. त्यामुळे कागदोपत्री एकटा मनुएल शोधायचाच नाही. अख्खं घर शोधायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता 'पेरी'. ते इंग्रजी नाही, बहुधा आपलं परेरा आहे. मळ्याच्या कचेरीतल्या कारकुनाला, शाळेतल्या मास्तरला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं. पुढे पोरांनाही तेच सोयीचं वाटलं. हवाईत आणि कॅलिफोर्नियात परेराचा पेरी झाला, रोड्रिग्जचा रॉजर्स झाला, मार्केसचा मार्क्स झाला. भावाभावांत एकाने जुनं ठेवलं आणि दुसऱ्याने नवं घेतलं, असंही सर्रास घडलं.

परेरा म्हटल्यावर तुमच्या मनात वसई-गोव्याचे परेरा येतील, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. त्यांचा यांच्याशी सोयरसुतकाचा संबंध नाही. वसईच्या परेरांना हे नाव बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालं, पाद्रीकडून किंवा धर्मपित्याकडून. हवाईच्या परेरांचं नाव जहाजातून आलं. आडनाव एक, कूळ वेगळं. मात्र मला सांगायचंय ते याच्याही पुढचं आहे. या शोधात आडनावावर फार भरवसाच ठेवू नका. पोर्तुगालच्या खेड्यांत तेव्हा आडनाव आपल्यासारखं बापाकडून मुलाकडे नेमाने जात नसे. एक मुलगा बापाचं लावी, दुसरा आजोळचं. बायका लग्नानंतर नाव बदलत नसत. आणि मुलींना तर कित्येकदा आडनाव नसेच, एखादं देवाधर्माचं नाव जोडलेलं असे. तुमच्या पणजीबाईंचं 'दे जेझुस' हे तसलंच. म्हणजे येशूची मारिया. बहिणीचं 'दा कॉन्सेसांव' असेल, आईचं 'दु एस्पिरितु सांतु'. 'जेझुस घराणं' शोधत बसाल तर जन्म पुरणार नाही.

आडनाव सोडा, गाव धरा. हवाईतल्या कागदांवरची नावं बदलली, वयं चुकली, जहाजं बदलली. मनुएल जिथे जन्मला ते गाव आणि तिथलं चर्च मात्र होतं तिथेच आहे, आणि त्याच्या बाप्तिस्म्याची नोंदही बहुतेक तिथल्याच वहीत आहे. तुमचं त्र्यंबकेश्वर तिथे आहे.

आता फोटोकडे. 'हाकालाऊ' सोपं आहे. हवाईच्या मोठ्या बेटावर हिलो शहराच्या उत्तरेला समुद्रकाठी हाकालाऊ आहे, तिथे साखरेचा मळा होता. म्हणजे घर कुठे राबलं ते कळलं. 'सेंट मायकेल' हे गाव नव्हे आणि चर्चही नव्हे. इंग्रजी कागदपत्रांत अझोर्सच्या नऊ बेटांपैकी सगळ्यात मोठ्या बेटाला सेंट मायकेल म्हणत. पोर्तुगीजांचं ते सांव मिगेल. गोव्याच्या सांजांव सणात जो सांव, म्हणजे संत, आहे, तोच हा. कुठे 'वेस्टर्न आयलंड्स' असं लिहिलेलं आढळलं तर तेही अझोर्सच. कारकुनांना बेटांची नावं तोंडपाठ नसत.

इथे तुमच्या घरातल्या गोष्टीला पहिली अडचण येते. 'रेव्हन्सक्रॅग' २३ एप्रिल १८७९ ला माडेराच्या फुंशाल बंदरातून निघालं आणि २३ ऑगस्टला होनोलुलूला पोचलं. चार महिने समुद्रावर, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून. त्यावर चारशेहून जास्त माणसं होती आणि ती माडेराची. माडेरा आणि सांव मिगेल यांच्यात हजारभर किलोमीटर समुद्र आहे. सांव मिगेलची मंडळी आली ती त्यानंतरच्या जहाजांनी : १८८१ चं 'सफोक', १८८२ ची 'मोनार्क' आणि 'हान्सा'. मग मनुएल सांव मिगेलचा असेल तर रेव्हन्सक्रॅगवर कसा?

दुसरी अडचण उकुलेलेची. त्या जहाजावर तीन सुतार होते : मनुएल न्यूनिश, जुझे दु एस्पिरितु सांतु आणि अवगुश्तु दियश. त्यांनी मळ्यावरचा करार संपल्यावर होनोलुलूत दुकानं थाटली आणि माडेराच्या 'मशेत' किंवा 'ब्रागिन्या' या चार तारांच्या छोट्या वाद्यावरून जे केलं, त्याला हवाईच्या लोकांनी उकुलेले नाव दिलं. म्हणजे उकुलेले हवाईतच जन्मला. पोर्तुगालहून कुणी आणला असेल तर तो मशेत. उकुलेलेमुळे रेव्हन्सक्रॅगचं नाव मोठं झालं, आणि नाव मोठं झालं की घराघरांतले आजोबा त्याच जहाजात चढू लागतात. आपल्याकडे नाही का, ज्याला त्याला आपला मूळपुरुष पानिपतावरच लढलेला हवा असतो!

मला विचाराल तर मी फोटोच्या बाजूने आहे. तो ज्याने लिहिला त्याला माणूस माहीत होता. जहाजाची गोष्ट मागाहून आलेली असू शकते. तरीही गोष्ट फेकून देऊ नका, कारण दोन्ही खरं असण्याचीही एक वाट आहे. मनुएल माडेराहून रेव्हन्सक्रॅगने आला, मारिया पुढे आईबापांबरोबर सांव मिगेलहून आली आणि दोघांचं लग्न हाकालाऊच्या मळ्यावर लागलं. मळ्यांवर असे दोन बेटांचे संसार झाले. त्यामुळे फोटो *कुणाचा* आहे हा पहिला प्रश्न. मनुएलचा, मारियाचा, की तिच्या आईचा? तुम्ही ते लिहिलेलं नाही.

हे मी अनुभवाने सांगतोय. आमच्या कुलवृत्तान्ताच्या कामात मी एका गोविंदाच्या डोक्यावर दुसऱ्या गोविंदाचा बाप बसवला होता. गाव एक, नाव एक, काळही जवळपास एकच. पुस्तक छापून आलं आणि पहिल्याच आठवड्यात खऱ्या वारसांचा फोन. मग तीनशे प्रतींत शुद्धिपत्राची चिठ्ठी माझ्या हाताने चिकटवली. तेव्हापासून नाव जुळलं की मला आनंद होत नाही, आधी शंका येते.

आता कामाला लागू. वरून खाली उतरायचं नाही, खालून वर चढायचं. पहिला मुक्काम १९०० ची अमेरिकन जनगणना. हवाई १८९८ मध्ये अमेरिकेत गेलं, त्यामुळे १९०० पासून दर दहा वर्षांनी तिथल्या घरोघरच्या याद्या आहेत आणि १९५० पर्यंतच्या आज कुणालाही पाहता येतात. 'फॅमिलीसर्च' या संकेतस्थळावर खातं फुकट उघडतं, तिथे बघा. 'पेरी' घालून पाहा, 'परेरा' घालून पाहा, दोन 'र' घालून पाहा. काहीच नाही आलं तर आडनावाची जागा कोरी ठेवा आणि मनुएल, मारिया आणि पोरांची नावं एवढ्यावर शोधा. १९०० ची यादी फार बोलकी आहे. लग्नाला किती वर्षं झाली, देशात कोणत्या साली आले, आणि बाईपुढे दोन आकडे : किती मुलं झाली, किती हयात आहेत. त्या दोन आकड्यांमधला फरक बघून मी कितीदा तरी लॅपटॉप मिटून थोडा वेळ गप्प बसलोय.

या यादीतून तुम्हाला घराची आकृती मिळेल. समजा, आल्याचं साल १८८२ निघालं, तर १९०० च्या वयांतून अठरा वर्षं वजा करा : नवरा सव्वीस, बायको बावीस, मुलगा तीन, मुलगी तान्ही. ही आकृती घेऊन जहाजांच्या याद्यांकडे जायचं. त्या होनोलुलूच्या राज्य अभिलेखागारात आहेत. तिथे नावावर जाऊ नका, वयांची शिडी जुळते का ते बघा. नवऱ्याचं आडनाव भलतंच असेल, बायको स्वतःच्या नावाने असेल, पोरांची नुसती नावं असतील. पण सव्वीस-बावीस-तीन-तान्ही हा क्रम असलेली घरं एका जहाजात फार नसतात. त्यांच्या वरची आणि खालची चार घरंही उतरवून घ्या. एका गावची माणसं एकत्र निघत. मनुएलचं गाव सापडलं नाही तरी शेजाऱ्याचं सापडतं, आणि कित्येकदा ते एकच निघतं.

मळ्याचं दप्तर हा दुसरा ठेवा. साखर मळेवाल्यांच्या संघाने जपलेले जुन्या मळ्यांचे कागद आता हवाई विद्यापीठाच्या मानोआ इथल्या हॅमिल्टन ग्रंथालयात आहेत. त्यात मजुरांची पगारपत्रकं आहेत. ('पगार' हा शब्द मुळात पोर्तुगीजच, हे तुमच्या नातीला जरूर सांगा. पाव, चावी, मेस्त्री, बटाटा हेही सांगा. तिची दोन्ही घरं मराठीतच भेटतात.) सगळ्या मळ्यांचं सगळ्या वर्षांचं दप्तर मात्र उरलेलं नाही. तेव्हा हाकालाऊचं कोणत्या वर्षांचं काय शिल्लक आहे, हे तिथल्या ग्रंथपालांना चार ओळींच्या ईमेलने आधी विचारा. अशा ठिकाणी नेमका आणि छोटा प्रश्न विचारला तर उत्तर लवकर येतं. 'आमच्या घराण्याची माहिती पाठवा' असं लिहिलं तर तो ईमेल तळाशी जातो.

पगारपत्रकात हवाई भाषेतले शब्द भेटतील. 'हापाई को' म्हणजे उसाच्या मोळ्या वाहणं. 'लूना' म्हणजे मुकादम. या लूनाबद्दल जरा थांबून बोलतो, कारण वंशवृक्ष करताना माणसं इथे हटकून अडखळतात. पहिली वर्षं पोर्तुगीजांनीही हालाचीच काढली. महिन्याला साधारण दहा डॉलर, दिवसाला दहा तास, आणि १९०० पर्यंत करार मोडून मळा सोडणं हा कायद्याने गुन्हा. पळालेल्याला पकडून कोर्टात उभं करत. पण पुढे बरेच पोर्तुगीज लूना झाले, घोड्यावर बसून चिनी, जपानी, फिलिपिनो मजुरांवर नजर ठेवणारे. मळेवाल्या गोऱ्यांनी त्यांना आपल्यात कधी धरलं नाही. जनगणनेच्या तक्त्यांतसुद्धा कितीतरी वर्षं पोर्तुगीजांचा रकाना इतर गोऱ्यांपासून वेगळा असे. पण पगार जपान्यांपेक्षा जास्त. १९०९ मध्ये ओआहू बेटावर जपानी मजुरांनी जो मोठा संप केला, त्यात तक्रार हीच होती : त्याच कामाला पोर्तुगीजाला साडेबावीस डॉलर आणि आम्हाला अठरा. तुमच्या मनुएलच्या नावापुढे 'लूना' आढळलं तर ते तसंच लिहा. कारखान्याच्या गावात आयुष्य काढलंय तुम्ही, मुकादम हा माणूस मजुरांतूनच वर येतो आणि मग कुणाचाच राहत नाही, हे मी तुम्हाला काय सांगू!

चर्चच्या वह्या हाकालाऊकडेही असणार. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू. हवाईतले कॅथलिक धर्मगुरू तेव्हा बरेचसे बेल्जियन, फ्रेंच, जर्मन. लॅटिनमध्ये लिहिलं असेल तर मनुएलचा 'इमॅन्युएल' झालेला असेल, घाबरू नका. लग्नाची नोंद मिळवायचा जास्त प्रयत्न करा, कारण तिथे वधूवरांचं जन्मगाव लिहिलेलं असण्याची शक्यता मोठी. शिवाय पोर्तुगीजांच्या परस्पर मदतीच्या संस्था होत्या. १८८२ ची लुझिताना ही त्यातली एक मोठी. आजारपणाला आणि मयताला पैसे देत, आपल्याकडच्या भिशी आणि मर्तिक फंडाच्या मधलं काहीतरी. घरात तिचं एखादं कार्ड किंवा बिल्ला असेल तर तो टाकून देऊ नका.

आणि मग सांव मिगेल. पोर्तुगालमध्ये सरकारी जन्मनोंदणी सक्तीची झाली १९११ मध्ये. त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत. अझोर्स आणि माडेरा दोन्हीकडच्या वह्या स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट पाहता येतात, फक्त चर्चचा परगणा ठाऊक हवा. त्याला 'फ्रेगेझिया' म्हणतात. सांव मिगेलवर पोंता देलगादा, रिबेरा ग्रांदे, व्हिला फ्रांका दु कांपु, नॉर्देश्त असे तालुके आणि प्रत्येकात कितीतरी फ्रेगेझिया. म्हणून तर वर एवढा आटापिटा. फ्रेगेझिया कळेपर्यंत या वह्या उघडू नका, नुसते डोळे जातील. देश सोडताना काढलेल्या पासपोर्टांच्या नोंदीही तिकडच्या अभिलेखागारांत आहेत आणि त्यात गाव लिहिलेलं असतं. पण लष्करभरती चुकवायला पासपोर्टाशिवाय निसटलेलेही खूप होते. पासपोर्ट नाही मिळाला म्हणून माणूस नव्हता असं समजू नका.

परगणा मिळाला की मात्र पुढचं काम फार गोड आहे. १८६० पासून या नोंदींचा नमुना ठरून गेला. एक बाप्तिस्मा उघडा. आधी तारीख आकड्यांत नाही, अक्षरांत. मग चर्चचं नाव, मुलाचं नाव, मग 'फिल्यु लेजितिमु' म्हणजे औरस पुत्र, आणि आईबापांची नावं, ते कुठले, काय काम करत. पुढची ओळ सुरू होते 'नेतु पातेर्नु' या शब्दांनी. नेतु म्हणजे नातू. आपला नातू आणि त्यांचा नेतु मुळात एकाच जुन्या शब्दाची लेकरं आहेत. बापाकडचे आजी-आजोबा, मग आईकडचे आजी-आजोबा, मग धर्मपिता आणि धर्ममाता. म्हणजे एक पान उलटलं की तीन पिढ्या हातात, आणि दोन्ही आज्या स्वतःच्या नावाने. आपल्या वह्यांत आजीचं नाव शोधताना नाकी नऊ येतात, इथे पाद्रीबाबाने न विचारता लिहून ठेवलंय. १८६० च्या आधीच्या वह्यांत एवढं सगळं नेमाने नसतं. मनुएलचा जन्म त्याआधीचा असेल तर त्याच्या धाकट्या भावंडांच्या नोंदी काढा, आजी-आजोबा तेच.

वाचायला पोर्तुगीज यायला हवं असं नाही. पंचवीस-तीस शब्द वहीत उतरवून घेतले की भागतं, कारण मजकूर तोच तोच असतो. एकदोन खाचा मात्र सांगतो. 'Mª' असं दिसलं तर मारिया. आणि जुन्या कागदांत '७ ब्रु' असं काही दिसलं तर तो जुलै नाही, सप्टेंबर. सेते म्हणजे सात, म्हणून सेतेंब्रु. तसंच ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ नोव्हेंबर, १० डिसेंबर. या एका खुणेपायी भल्याभल्यांनी माणसाला जन्माच्या दोन महिने आधी बाप्तिस्मा देऊन टाकलाय. आणि बापाच्या जागी 'पाय इन्कॉग्नितु' दिसलं, म्हणजे बाप अज्ञात, तर ते विहीणबाईंना फोनवर घाईत वाचून दाखवू नका. आधी सुनेला सांगा. पुढे काय करायचं ते ती ठरवेल, कूळ तिचं आहे.

डीएनए चाचणीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मुलगा सुचवेलच. बेटांवरची माणसं पिढ्यान् पिढ्या आपसांत लग्नं करत आली. त्यामुळे चाचणीत शेकडो 'चुलत भावंडं' निघतात आणि जेवढी जवळची दिसतात तेवढी ती जवळची नसतात. कागद हातात आल्यावर पडताळ्याला ठीक, आधी नको. पैसे घेऊन वंशावळ करून देणाऱ्यांनाही पहिले सहा महिने लांब ठेवा. वर सांगितलेलं बरंचसं घरबसल्या फुकट होतं.

राहता राहिल्या विहीणबाई. फोन तुम्हीच करा, मुलाकरवी नको. आणि विचारायला म्हणून करूच नका, सांगायला करा. आमच्या ह्यांचं आयुष्य उसात गेलं, गाळपाच्या दिवसांत घरभर मळीचा वास असायचा, हे तुम्ही आधी सांगा. तुमच्या नऊ पिढ्यांत एखादा कर्जबाजारी, एखादा पळून गेलेला असेलच, त्याचीही गोष्ट सांगा. मग त्यांना त्यांच्या आजीच्या स्वयंपाकघराबद्दल विचारा. मालासादा कोण तळायचं? उपवासाचा महिना लागायच्या आदल्या मंगळवारी घरोघरी तळतात तो साखरेत घोळवलेला गोळा. अंगणात दगडी भट्टी होती का, पाव कोण भाजायचं, आजी रागावली की कोणत्या भाषेत बोलायची, शेजारी कोण होतं. 'तुमचे पूर्वज कोण होते' या प्रश्नाला कुणी उत्तर देत नाही, 'पाव कोण भाजायचं' याला तासभर देतात. त्या तासात नावं आपोआप येतात. सुनेला म्हणावं, शेजारी बसून फोनवर रेकॉर्ड कर, पण आईला सांगून.

तुमच्या सकाळी आठला तिकडे उन्हाळ्यात आदल्या संध्याकाळचे साडेसात असतात, हिवाळ्यात साडेसहा. रविवार सकाळ नको, त्यांची शनिवारची संध्याकाळ जाते.

फोटोची मागची बाजू मला पाठवा. मोबाइलने समोरून काढू नका, पेन्सिलीचं लिखाण तसं उमटत नाही. खोलीतले दिवे बंद करून एका कडेने, अगदी आडवा टॉर्च धरायचा आणि मग काढायचा. कागदावर पेन्सिलीने पाडलेल्या चरांत सावली पडते. 'हाकालाऊ'च्या खाली गावाचं नाव निघालं तर वरचं अर्धं पत्र तुम्हाला लागणारच नाही.